थंड गावाचा जमाखर्च: बोर्ली पंचतन सोडणारे आणि बोर्लीत राहणारे

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)



आजची गोष्ट एका वाक्यापासून सुरू करतो. गणपतीत माझा आतेभाऊ मुंबईहून गावी आला होता. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, आरत्या संपल्या, भजनाचा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर बसून मोबाईल वर धरत, रेंज शोधत तो म्हणाला, "गाव मस्त आहे रे. पण फार थंड आहे."

भाद्रपदातलं ऊन. अंगातून घामाच्या धारा. आणि हा म्हणतो थंड!

त्याला हवा थंड म्हणायची नव्हती, हे तुम्हाला कळलंच असेल. बाजार थंड असतो, धंदा थंड असतो, तसं गाव थंड. इथे काही घडत नाही, कुणाला घाई नाही, आणि वय पंचविशीच्या आत असेल तर करायला काही नाही. मी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे धड उत्तर नाही. 'शहरात प्रदूषण, गावात शुद्ध हवा' हे शाळेतल्या निबंधातलं उत्तर त्याला द्यायची लाज वाटली.

म्हणून आजचा भाग. अशा दूरच्या, थंड मुलुखात राहण्याचे फायदे काय, तोटे काय? पण हा हिशोब निबंधासारखा नाही करायचा. गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत इथल्या माणसांनी तो प्रत्यक्ष कसा केला, कोण गेलं, कोण राहिलं आणि कुणाला काय मिळालं, ते बघायचं.

आधी जागा समजून घेऊ

ज्यांनी बोर्ली पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. बोर्ली पंचतन हे रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं बाजाराचं गाव. तुम्ही दिवेआगरच्या बीचवर गेला असाल, तर बहुतेक बोर्लीवरूनच गेलात. उत्तरेला राजपुरीची खाडी. त्या खाडीच्या पलीकडे मुरुड आणि पाण्यात उभा असलेला जंजिरा. खाडी ओलांडायची तर दिघीहून आगरदांड्याला जंगल जेट्टी, म्हणजे माणसांसकट गाड्या वाहून नेणारी बोट. रेल्वे पकडायची तर म्हसळ्यावरून घाटवळणांनी माणगाव. मुंबई-गोवा हायवेही तिकडेच.

म्हणजे नकाशावर मुंबई सरळ रेषेत फार लांब नाही. पण सरळ रेषेत कुणी जात नाही, आणि तीच इथली अडचण.

गंमत म्हणजे ही जागा कायमच अशी बाजूला पडलेली नव्हती. शेजारच्या दिवेआगरचा एक ताम्रपट आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. म्हणजे जवळजवळ हजार वर्षांपूर्वी इथे नांदतं गाव होतं, व्यवहार होते, आणि ते तांब्यावर कोरून ठेवण्याइतके महत्त्वाचे होते.

तेव्हा मोठा रस्ता म्हणजे समुद्र. पडाव, मचवे, गलबतं याच किनाऱ्याने जायची. त्या हिशोबाने दिवेआगर, श्रीवर्धन, बोर्ली ही हमरस्त्यावरची गावं होती. पुढे रस्ते आणि रेल्वे आतल्या बाजूने गेले आणि समुद्राकडे तोंड करून बसलेली गावं मागच्या दाराला गेली. गाव जागचं हललं नाही, वाट हलली. 'दुर्गम' हा शब्द ऐकला की हे आठवा. बरेचदा तो गावाचा गुण नसतो, वाटांचा निर्णय असतो.

सोडावंच लागलं, तेव्हा

आता सतराव्या शतकाची अखेर. हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. लोक याला हबसाण म्हणायचे, हबशांचा मुलूख म्हणून. जंजिरा किल्ला शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास मोठा वेढा घातला तरी पडला नाही. समुद्रात सिद्दी, खाड्यांमध्ये आंग्रे, डोंगरावर मराठे, आणि या तिघांच्या मध्ये किनाऱ्यावरची गावं. कुणाशी बोललात, कुणाला धान्य दिलंत, यावर तुमचा जीव अवलंबून.

श्रीवर्धनला भटांचं घराणं होतं. गावची देशमुखी त्यांच्याकडे. सिद्दीला त्यांचा संशय आला, शत्रूला सामील असल्याचा. घराण्यावर संकट आलं, आणि एक तरुण गाव सोडून निघाला. बाणकोटच्या खाडीपलीकडच्या वेळासचे भानू त्याच्या सोबत होते, असं परंपरा सांगते. घाट चढून तो देशावर गेला. त्याचं नाव बाळाजी विश्वनाथ. १७१३ मध्ये छत्रपती शाहूंनी त्याला पेशवाई दिली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सोबतच्या भानूंच्या घरात पुढे नाना फडणवीस झाले.

ही गोष्ट आपण नेहमी यशाची म्हणून सांगतो. कोकणातला पोरगा बाहेर पडला आणि पुण्याचा इतिहास बदलला. पण जरा गावाच्या बाजूने बघा. बाळाजी काही 'संधी शोधायला' गेला नाही. जीव वाचवायला गेला. त्याने फायदे-तोटे लिहून काढले नाहीत. राहण्याचा पर्याय त्याच्या हातात राहिलाच नव्हता. गावाने एक हुशार, कर्तबगार माणूस गमावला आणि त्याच्या बदल्यात, खूप उशिरा, त्याचा पुतळा मिळाला.

तेव्हा हिशोबाच्या वहीत पहिली नोंद अशी: माणूस गाव सोडतो तेव्हा आधी विचारायचं, तो गेला की त्याला घालवलं?

संस्थानात राहणं

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. जंजिरा संस्थान मात्र टिकलं. श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत नवाबाच्या राज्यात होता. साधारण सव्वातीनशे चौरस मैलांचा मुलूख, आणि १९०१ च्या शिरगणतीत लोकवस्ती ८५ हजारांच्या आसपास. आजच्या मुंबईतल्या एका उपनगराच्या कोपऱ्यात मावेल एवढी माणसं. रेल्वे नाही. राजधानी मुरुड, आणि आपण खाडीच्या अलीकडे.

अशा छोट्या, दूरच्या राज्यात राहण्याचे फायदे होते का? होते. दोन धर्मांची, अनेक जातींची माणसं शेजारी राहात होती आणि एकमेकांच्या सणांना ओळखत होती. वाड्या चांगल्या होत्या. राज्य लहान म्हणजे राजा जवळ. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या काळात मुरुडला धरणाचं पाणी आलं, शाळा आल्या. त्यांची बेगम नाझली ही मुंबईच्या शिकलेल्या फैजी घराण्यातली. तिची बहीण अतिया फैजी लंडनला शिकायला गेली होती. तेव्हा नवाबाचं राज्य म्हणजे सगळाच अंधार, असं चित्र काढलं तर ते खोटं होईल.

पण राज्य जवळ असणं ही दुधारी गोष्ट. राजा भला असेल तर दाद लगेच लागते, नसेल तर दाद मागायला दुसरी जागाच नाही. १८६८ च्या सुमारापर्यंत तर इथे इंग्रजांचा अधिकारीसुद्धा बसत नव्हता. फौजदारी न्यायाचा कारभार इतका बिघडला की ते अधिकार नवाबाकडून काढून घ्यावे लागले. विचार करा, तुमच्यावर अन्याय झालाय, आणि ज्याच्याकडे तक्रार करायची तोच अन्याय करणाऱ्याच्या घरातला. बाहेर बातमी जाणार कशी? गाव शांत आहे म्हणजे गाव सुखी आहे असं नाही. कधीकधी ओरडणाऱ्याचा आवाज खाडीपलीकडे पोचत नाही, एवढंच असतं.

देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ ला. इथे त्या दिवशी नवाबाचंच राज्य होतं. नानासाहेब पुरोहितांसारख्या पुढाऱ्यांनी प्रजेची चळवळ उभी केली, तरुण मोहन धारिया लोकसेना घेऊन उतरले, आणि १९४८ च्या जानेवारीअखेर नवाबाची सत्ता संपली. त्याच वर्षी संस्थान विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याचा भाग झालं. पुढे १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं.

म्हणजे स्वातंत्र्यसुद्धा आपल्याकडे साडेपाच महिने उशिरा आलं. एसटीसारखंच म्हणा ना.

बोट, गिरणी आणि मनीऑर्डर

आता पोटाचा प्रश्न. कोकणात भात एकदा होतं. जमीन थोडी, घरात माणसं जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि कोकणचा तरुण बोटीत बसला. चाकरमानी हा शब्द तुम्ही आज इन्स्टाच्या रीलमध्ये ऐकता. त्याच्या मागे दीडशे वर्षं आहेत.

किनाऱ्याने आगबोटी चालायच्या. बंदरात धक्का नसेल तर बोट समुद्रात थांबायची आणि पडावातून माणसं, कोंबड्या, फणस, ट्रंका असं सगळं तिच्यापर्यंत न्यायचं. पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे जूनच्या आधी जो आला तो आला. त्यानंतर आई आजारी पडली तर पत्र, आणि पत्र पोचेपर्यंत काय होईल ते होईल. प्रवास सोपा नव्हताच. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातली कितीतरी सणासाठी घरी निघालेली. रायगडच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांसमोर आजही रामदास म्हटलं की क्षणभर बोलणं थांबतं.

मुंबईत चाकरमानी राहायचा कसा? गावकीच्या खोलीत. एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचे. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठायचा. म्हणजे गाव सोडूनही गाव सुटत नव्हतं. आणि दर महिन्याला मनीऑर्डर. पोस्टाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, आणि कोकणाने तिचा जेवढा उपयोग केला तेवढा फार थोड्यांनी केला असेल.

आता ओटीच्या आतल्या बाजूला बघू. मनीऑर्डर घेणारी कोण? बाई. नवरा वर्षातून एकदा-दोनदा येणारा पाहुणा. भात लावणं, गुरं, सासूसासरे, मुलं, उन्हाळ्यात वाडीला पाणी, सगळं तिच्याकडे.

वाडीचं काम ज्याने केलंय त्याला माहीत आहे. पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, पावसाळा सोडला तर सतत पाणी लागतं. पूर्वी विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, आणि पाटाने एकेका अळ्यात पाणी. श्रीवर्धनची सुपारी नावाजलेली आहे, तिच्यासाठी श्रीवर्धनला संशोधन केंद्रही आहे. पण ती सुपारी म्हणजे साखळी आहे. चार दिवस वाडी सोडून कुठे जाता येत नाही. लावलेलं झाड फळायला सहा-सात वर्षं, मग ते तुम्हाला अनेक वर्षं खाऊ घालतं आणि तेवढीच वर्षं बांधूनही ठेवतं.

चाकरमान्याने गावावर जीव टाकला, गाण्यांतून गाव गायलं, दर शिमग्याला पालखी नाचवली. ते खरंच आहे, खोटं नाही. पण त्याच्या त्या प्रेमाचं भाडं कुणीतरी गावात राहून भरत होतं. तिला कुणी विचारलं नाही, "तुला इथे राहायचंय का?" माझ्या आजीला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "राहायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. कुणीतरी राहावं लागतं."

वहीतली दुसरी नोंद ही.

शांतता कुणाची?

तिसरी नोंद जरा टोचणारी आहे. गाव शांत, सगळे एकमेकांना ओळखतात, हा फायदा आपण हमखास सांगतो. पण सगळे एकमेकांना ओळखतात म्हणजे तुमची जातही सगळ्यांना माहीत असते. पाणवठा कुठला, देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत, मेल्यावर कुठे, हे सगळं ठरलेलं.

बोर्लीहून महाड फार लांब नाही. तिथे २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तेही त्या गर्दीत हजारोंच्या हक्कासाठी. आपल्याच तालुक्यांतून, याच डोंगरांतून माणसं तिथे गेली असणार. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात, म्हणजे बाणकोटच्या खाडीपलीकडे. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये संविधान सभेत काही जण खेड्याला राज्यघटनेचा पाया करा म्हणत होते, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम विरोध केला. खेड्यात त्यांना अज्ञान, संकुचितपणा आणि जातीचा जाच दिसत होता. त्यांच्या दृष्टीने राज्यघटनेचा पाया खेडं नव्हे, व्यक्ती.

खोताचं कूळ असलेल्या माणसाला, अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला मुंबईची चाळ म्हणजे गर्दी नव्हती, मोकळीक होती. तिथे नळाच्या रांगेत उभं राहिलं की निदान नंबर येत होता. तेव्हा 'गावची शांतता' फायद्याच्या रकान्यात लिहिताना कंसात लिहायचं: कुणाची?

पार समुद्रापलीकडे

काही जण मुंबईपाशी थांबले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कुलाबा-रत्नागिरीचे कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जायला लागले. जून-जुलैत थंड पावसाचा हिवाळा असलेलं ते शहर. इथल्या माणसाला ती थंडी केवढी वाटली असेल! पण खरी अडचण हवेची नव्हती, कागदाची होती. गावी यायचं तर सरकारचा परवाना घ्यायचा, आणि ठरलेल्या मुदतीत परत नाही गेलात तर तिथला हक्क संपला. बायको-मुलं इकडे, दुकान तिकडे, आणि मध्ये एक फोटो चिकटवलेला कागद. १९७० नंतर आखाती देशांत गेलेल्यांच्या घरी हा हिशोब मी सांगायची गरज नाही. तिथे कागदाचा व्हिसा झाला, बाकी गोष्ट बरीचशी तीच.

दुसरी गोष्ट बेने इस्रायलांची. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांची आडनावं बघा: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. दिवेकर म्हणजे आपल्या शेजारचं दिवेआगर. इथे त्यांचा धर्मावरून छळ झाला नाही, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. तरी १९४८ ला इस्रायल झालं आणि बहुतेक जण निघाले. हजारो वर्षं प्रार्थनेत ज्याचं नाव घेतलं तो देश बोलावत होता.

तिथे गेल्यावर वाळवंटाकाठची गावं मिळाली, कष्टाची कामं मिळाली आणि काळ्या रंगावरून वागणूकही मिळाली. काहींनी बीरशेबात आणि पुढे तेल अवीवमध्ये धरणं धरलं: आम्हाला परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून जास्त जण खरोखर भारतात परत आले. आणि इथे आल्यावर? त्यातल्या बऱ्याच जणांनी पुन्हा इस्रायलला जायची परवानगी मागितली.

हसू नका. हे गोंधळलेले लोक नव्हते. त्यांनी दोन्ही ठिकाणांचे फायदे-तोटे कागदावर नाही, अंगावर मोजले होते. आणि त्यांना कळलं ते हे, की सोडलेलं गाव तुमच्यासाठी जागा राखून ठेवत नाही. तुम्ही परत येता तेव्हा घरात कुणी दुसरा राहात असतो, घाणा दुसऱ्याने घेतलेला असतो.

गाव आसरा देतं, पण फुकट नाही

शहरावर संकट आलं की मुंबईकर गावाकडे पळतो. १८९६ ला प्लेग आला तेव्हा लाखो माणसं शहर सोडून गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि कितीतरी घरांची चूल मुंबईतून गावी हलली. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, तेव्हा पुन्हा तेच.

२०२० मध्ये मी गावी होतो. मुंबईहून आलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं की घरात घ्यायचं यावरून वाडीवाडीत वाद झाले. सख्ख्या भावाला दारात थांबवताना एकाचा आवाज कापत होता, ते मी ऐकलंय. पण जेवणाचा डबा शाळेत जात होता. वाल, तांदूळ, सुके मासे, जे आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी भरलं होतं, त्यात वाटेकरी वाढले.

आणि मग ३ जून. निसर्ग चक्रीवादळ. ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरचा वारा आपल्या किनाऱ्यावर आदळला. काही तासांत श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्लीच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. कौलं गेली, पत्रे गेले. कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. मुंबईला मुलगा जिवंत आहे की नाही हे इकडे कळेना, आणि इकडची आई कशी आहे हे त्याला कळेना. मदत यायची ती माणगावहून, झाडं पडलेल्या रस्त्याने. वाट बाजूला असण्याचा तोटा त्या आठवड्यात जेवढा कळला तेवढा कधी कळला नव्हता.

आणखी एक तोटा आहे जो आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं ते इथल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना जो सुंदर रस्ता लागतो, ज्याचे तुम्ही ड्रोन शॉट घेता, तोच किनारा. निवांत समुद्र सगळ्यांनाच सोयीचा असतो. २०१२ च्या मार्चमध्ये दिवेआगरच्या सुवर्ण गणेशाच्या देवळात दरोडा पडला, राखणदारांचे जीव गेले. ती मूर्ती १९९७ मध्ये एका सुपारीच्या वाडीत खणताना सापडली होती. कुलूप न लावता झोपण्याचे दिवस त्या रात्री संपले.

मग जमा काय?

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, सगळा खर्चच दिसतोय. नाही. जमा आहे.

डिसेंबर-जानेवारीत एकदा या. तेव्हा खरी थंडी असते, आमच्या मानाने. शेतात वालाच्या शेंगा येतात, भांबुर्ड्याचा पाला घालून मडकं भरतात, भोवती आग पेटवतात आणि पोपटी लागते. त्याच थंडीवर आंब्याचा मोहोर ठरतो. थंडी नीट पडली नाही तर बागायतदाराची झोप उडते. मुंबईत थंडी म्हणजे स्वेटर घालायची हौस, इथे ती वर्षाची कमाई.

सकाळी मासळी बाजारात भाव करताना कोळीण तुमच्या आजीची चौकशी करते. घरात मयत झालं तर तुम्ही फोन करायच्या आधी बांबू आलेला असतो. घरभाडं नाही. म्हातारपणी एकटं पडायची भीती कमी. आता फोन आहे, दिवेआगरला पर्यटक आहेत, खोल्या भाड्याने देऊन, जेवण करून घालून घरं चालतात, आणि ते पैसे पहिल्यांदाच थेट बाईच्या हातात येतात. निसर्गनंतर पुन्हा पोफळी लावणारी माणसं मी पाहिलीत. सहा-सात वर्षांनी येणाऱ्या फळासाठी साठीचा माणूस खड्डा खणतो, तेव्हा त्याने आपला हिशोब केलेला असतो. तो आपल्या वहीत बसत नाही म्हणून चुकीचा नसतो.

खर्चाच्या बाजूला मोठा आकडा अजून दवाखान्याचा आहे. मोठं दुखणं आलं की गाडी काढा आणि माणगाव, अलिबाग किंवा मुंबई गाठा. दुसरा आकडा शिक्षणाचा, तिसरा लग्नाचा. गावात राहणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला लोक तयार होत नाहीत, हे आज घराघरात आहे आणि त्यावर मोठ्याने कुणी बोलत नाही.

आतेभावाला उत्तर

बाळाजी विश्वनाथ गेला, पण त्याला राहता येत नव्हतं. माझी आजी राहिली, पण तिला जाता येत नव्हतं. केपटाऊनचा दुकानदार गेला, पण परत येणं कागदावर अडकलं. बेने इस्रायल परत आले, पण जागा उरली नव्हती. मुंबईचा चाकरमानी तेवढा जरा सुदैवी. गावकीची खोली, बोट, मनीऑर्डर आणि शिमगा यांच्या जोरावर त्याने जाण्याची आणि येण्याची दोन्ही दारं उघडी ठेवली. त्याचं भाडं मात्र दुसऱ्याने भरलं.

म्हणून मला वाटतं, गाव थंड आहे की गरम, हा प्रश्न दुय्यम. राहण्यासारखं गाव म्हणजे जिथून आपल्या मर्जीने निघता येतं आणि आपल्या मर्जीने परतता येतं. हे दोन्ही मुलांना आणि मुलींना, वाडीवाल्याला आणि ज्याच्या नावावर वाडी नाही त्यालाही. या मापाने बघितलं तर आमच्या गावाला रात्री चालू असणारा दवाखाना, वादळात न तुटणारी लाईन आणि खाडीवरून पक्की वाट हवी आहे. या गोष्टी आल्या की राहणारा अडकून पडल्यासारखा राहणार नाही आणि जाणारा पळून गेल्यासारखा जाणार नाही.

आतेभावाला मी हे सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, "थंड आहे खरं. पण तू चार दिवसांनी जाणार म्हणून तुला थंड वाटतं, आणि आई इथे आहे म्हणून तुला येता येतं. पुढच्या वेळी तिला विचार, तिला कसं वाटतं ते."

तो जरा गप्प झाला. मग उठला आणि आत गेला. माझी आत्या मागच्या पडवीत भांडी घासत होती. त्याने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. पण बराच वेळ भांड्यांचा आवाज थांबला होता.

तुम्ही गावी जाल तेव्हा तुमच्या घरी जी राहिलीय तिला विचारा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.